कोरियन क्राइम थ्रिलरचं परीक्षण कसं लिहायचं: 'बियाँड ईव्हिल' समोर ठेवून

कोरियन गुन्हेगारी मालिकेवर पहिल्यांदाच लिहायला बसणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं की मालिका एकदाच बघून मुख्य नटांच्या अभिनयावर मत देऊ नका. कथा, वेग, छायालेखन, संगीत यांचा अंदाज पहिल्या फेरीतच येतो. पण काही मालिका संशयाची सुई थेट मुख्य पात्राकडेच वळवतात. तिथे नटाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. रहस्य ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला चकवायचं, आणि पात्राच्या मनात खरोखर जे चाललंय त्याच्याशी इमानही राखायचं. पहिल्या फेरीत आपल्याला फक्त चकवा दिसतो. इमान राखलंय की नाही, हे उत्तर कळल्यावर पुन्हा बघितलं तरच समजतं. मराठीत या मालिकांवर भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक लिखाण पहिल्या फेरीवरच थांबतं. म्हणून या लेखाचा बराचसा भाग दुसऱ्या फेरीवर आहे.

मालिका कोणती घ्यावी

पहिल्या प्रयत्नाला दोन मुख्य पात्रं समोरासमोर उभी असलेली मालिका घ्या. एकाच नटावर लिहिताना विशेषणं लवकर संपतात. दोघं असले की तुलना करता येते आणि लिखाणाला आपोआप धार येते.

मी इथे 'बियाँड ईव्हिल' घेते आहे. जेटीबीसी वाहिनीवर फेब्रुवारी ते एप्रिल २०२१ या काळात दर शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ती दाखवली गेली. एकूण १६ भाग. लेखिका किम सू-जिन, दिग्दर्शिका शिम ना-यॉन. त्याच वर्षी बेकसांग या तिकडच्या मानाच्या पुरस्कारांमध्ये तिला सर्वोत्कृष्ट मालिका, सर्वोत्कृष्ट पटकथा आणि शिन हा-ग्यूनला सर्वोत्कृष्ट अभिनेता असे तीन पुरस्कार मिळाले.

मानयांग नावाच्या काल्पनिक गावात २००० साली एक तरुण मुलगी नाहीशी होते. मागे राहतात फक्त तिच्या हाताच्या बोटांची कापलेली दहा टोकं. तिचा जुळा भाऊ ली दोंग-शिक याच्यावरच संशय येतो, आणि पुरावा नसल्याने तो सुटतो. वीस वर्षांनी तोच दोंग-शिक गावच्या चौकीत पोलीस आहे. सोलहून त्याच चौकीत बदलून येतो हान जू-वॉन. तरुण, हुशार, आणि बाप पोलीस दलाच्या सर्वोच्च पदाच्या उंबरठ्यावर. जू-वॉनला खात्री आहे की वीस वर्षांपूर्वीचा खुनी दोंग-शिकच. लवकरच लव्हाळ्यांच्या रानात एका बाईचे अवशेष सापडतात, आणि पाठोपाठ गावातली आणखी एक मुलगी नाहीशी होते.

परीक्षणात कथेला एवढीच जागा पुरे. नवखे लोक इथेच अर्धा लेख खर्च करतात. मालिकेच्या पहिल्या दोन भागांच्या पलीकडची कथा सांगायची नाही, ही लक्ष्मणरेषा स्वतःला घालून घ्या.

बघण्याआधी थोडा गृहपाठ

या मालिका तिकडच्या प्रेक्षकासाठी लिहिलेल्या असतात. त्या प्रेक्षकाला जे न सांगता कळतं, ते आपण शोधून ठेवायचं. 'बियाँड ईव्हिल'साठी मला चार गोष्टी उपयोगी पडल्या.

पहिली, पोलिसांची उतरंड. दोंग-शिक पूर्वी गंभीर गुन्ह्यांच्या पथकात होता आणि आता गावच्या चौकीत आहे, ही घसरण आहे. आपल्याकडे ठाणं आणि चौकी यांत जो फरक आहे, साधारण तसाच तिकडे आहे. शिवाय वयानं बराच लहान असलेला जू-वॉन हुद्द्यानं मोठा आहे. कोरियन समाजात वयाचा मान आणि हुद्द्याचा मान दोन्ही बोलण्यातूनच दाखवावे लागतात, त्यामुळे हे दोघं तोंड उघडतात तेव्हा कोण कोणाला किती मान देतोय हा प्रश्न प्रत्येक वाक्यात असतो. इंग्रजी सबटायटलमध्ये तो बहुतेक पुसला जातो. आपण तू, तुम्ही आणि आपण यांच्यात वाढलेले लोक, कान थोडा लावला तर वाक्याच्या शेवटाकडे हे ऐकू येतं. औपचारिक बोलण्यात वाक्यं बरेचदा 'निदा'सारख्या शेवटानं संपतात, थोड्या मोकळ्या पण अदबीच्या बोलण्यात 'यो'नं, आणि सलगीत किंवा उर्मटपणात ही दोन्ही शेपटं गळून पडतात. भाषा येत नसली तरी एवढं पकडता येतं.

दुसरी गोष्ट, मुदतीचा कायदा. खुनाच्या गुन्ह्याला तिकडे पूर्वी मुदत होती. १५ वर्षं उलटली की खटलाच भरता येत नसे. २००७ मध्ये ती २५ वर्षं झाली आणि जुलै २०१५ मध्ये खुनासाठी मुदतच रद्द झाली. १९९९ मध्ये देगू शहरात अ‍ॅसिड हल्ल्यात गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणातून हा बदल घडला आणि कायदा त्याच्याच नावानं ओळखला जातो, पण त्याच्या स्वतःच्या प्रकरणाची मुदत तोवर संपली होती. ज्या जुन्या खुनांची मुदत तेव्हा संपलेली नव्हती, म्हणजे साधारण ऑगस्ट २०००पासून पुढचे, तेवढेच या बदलात आले. तिकडच्या मालिकांमध्ये जुन्या प्रकरणांच्या फायली पुन्हा पुन्हा का उघडतात, त्यामागे ही घुसमट आहे. जानेवारी २०१६ मध्ये 'सिग्नल' आली तेव्हा ही जखम अगदी ताजी होती.

तिसरी, ह्वासंगचे खून. १९८६ ते १९९१ या काळात ग्यॉन्गी प्रांतात झालेले हे खून अनेक वर्षं सुटले नाहीत. २०१९ मध्ये डीएनएवरून खुनी ओळखला गेला, तेव्हा तो दुसऱ्या खुनासाठी तुरुंगातच होता. यातल्याच एका प्रकरणात एका निरपराध माणसानं २० वर्षं तुरुंगात काढली होती. त्याला डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयानं निर्दोष ठरवलं. 'बियाँड ईव्हिल' त्यानंतर दोनच महिन्यांनी पडद्यावर आली. ती या प्रकरणावर बेतलेली आहे असं अजिबात लिहू नका. पण पोलिसांनी एका निरपराध पोराला वर्षानुवर्षं संशयाखाली चिरडलं, ही गोष्ट तेव्हाच्या कोरियन प्रेक्षकानं कोणत्या मनःस्थितीत पाहिली असेल, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

चौथी, हरवलेली प्रौढ माणसं. तिकडचा हरवलेल्यांचा विशेष कायदा १८ वर्षांखालची मुलं, बौद्धिक वा मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण यांच्यापुरता आहे. धडधाकट प्रौढ माणूस नाहीसा झाला तर तो 'घर सोडून गेलेला' म्हणून नोंदला जातो. मालिकेचा सगळा राग या एका फटीतून येतो, आणि शेवटच्या भागात तिनं प्रेक्षकाला या विषयावर थेट आवाहनही केलं आहे.

एक बारीकशी सूचना इथेच देते. कोरियन टीव्हीवर चाकू आणि सिगारेट अनेकदा धूसर केलेली दिसते. ते प्रसारणाचे नियम आहेत. दिग्दर्शिकेनं भीड ठेवली म्हणून तिला बोल लावू नका.

पहिली फेरी

मूळ कोरियन आवाजात बघा. हिंदी किंवा इंग्रजी डब ऐकून अभिनयावर लिहिणं योग्य नाही, कारण अर्धा नट तिथे बदललेला असतो. नाटकं बघत मोठ्या झालेल्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या नाट्यपरीक्षणात वाचिक आणि आंगिक अभिनय हे शब्द मुरलेले आहेत. तेच इथे वापरा, चांगले चालतात.

वही जवळ ठेवा, पण पहिल्या फेरीत फार लिहू नका. प्रत्येक भागानंतर तीनच गोष्टी टिपा: आत्ता संशय कोणावर आहे, कोणत्या प्रसंगानं तो बदलला, आणि कुठे कंटाळा आला. हा कंटाळ्याचा रकाना फार मोलाचा असतो. शेवट चांगला झाला की मधला कंटाळा आपण विसरून जातो आणि परीक्षणात 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत खिळवून ठेवते' असं लिहून टाकतो. तासाभराहून मोठे १६ भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणालाच खिळवून ठेवत नाहीत.

शक्य असेल तर दिवसाला दोनच भाग बघा. ही मालिका आठवड्याला दोन भाग या हिशेबानं रचलेली आहे. भागाच्या शेवटी दिलेला धक्का आठवडाभर मनात घोळावा अशी त्याची जागा ठरवलेली असते. एका बैठकीत सहा भाग संपवले तर धक्क्यांची नुसती रांग दिसते आणि मग 'ओढूनताणून आणलेली वळणं' असा शेरा हातून लिहिला जातो.

दुसरी फेरी: शिन हा-ग्यून

सगळे १६ भाग पुन्हा बघायची गरज नाही. पहिले चार, मधला आठवा आणि शेवटचा एवढे पुरतात. या वेळी कथेकडे लक्ष द्यायचं नाही. एकाच नटाकडे बघायचं, तो बोलत नसतानाही.

इथून पुढे दोंग-शिकबद्दलचं एक गुपित उघडं होतं. खुनी कोण ते मी सांगणार नाही. ज्यांना काहीच कळायला नको असेल त्यांनी पुढच्या उपशीर्षकावर जावं.

शिन हा-ग्यून १९७४ चा. २००० पासून कोरियन सिनेमात टोकाच्या, विस्कटलेल्या माणसांच्या भूमिकांसाठी तो ओळखला जातो. प्रेक्षकाला त्याचा चेहरा ठाऊक आहे आणि त्या चेहऱ्याबद्दल थोडी धास्तीही आहे. मालिकेनं याचा पुरेपूर फायदा उठवला आहे. दोंग-शिक गावात सगळ्यांचा लाडका, म्हाताऱ्याकोताऱ्यांची कामं करणारा, आणि मधेच असा हसणारा की समोरच्याच्या पोटात गोळा यावा.

गावातली मिन-जंग नाहीशी होते आणि तिच्या बोटांची टोकं तिच्या बापाच्या दुकानासमोर मांडलेली सापडतात, अगदी वीस वर्षांपूर्वीसारखी. थोड्याच वेळात मालिका आपल्याला दाखवते की ती टोकं मांडणारे हात दोंग-शिकचे होते. पहिल्या फेरीत या क्षणी आपण जू-वॉनच्या बाजूला जातो. हाच तो, आणि मघापासूनचं ते हसणं म्हणजे विकृती, असं वाटतं. मग पुढे कळतं की ती टोकं दोंग-शिकला स्वतःच्या घराच्या तळघरात सापडली होती. ती पाहून तो कोसळला होता. आणि ही मुलगीसुद्धा 'निघून गेली' म्हणून कागदावर मिटू नये, खुन्यानं हालचाल करावी, यासाठी त्यानं ती जगासमोर मांडली. पोलिसानं पुराव्याशी अशी छेडछाड करणं हा गुन्हाच आहे, आणि मालिका ते विसरत नाही.

आता हे ठाऊक असताना मागे जा. टोकं सापडल्याचा गलका होतो तिथपासूनचे त्याचे सगळे प्रसंग एकामागून एक बघा. या काळात दोंग-शिकला मिन-जंगचं काय झालं ते कळलेलं आहे, आणि तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या सगळ्यांसमोर त्याला वावरायचं आहे. वहीत चार रकाने आखा: भाग आणि मिनिट, तो काय करतो, समोर कोण आहे, आणि तेव्हा त्याला काय ठाऊक आहे. चौथा रकाना पहिल्या फेरीत भरताच येत नाही. तो भरला की लक्षात येतं की पहिल्या फेरीत ज्या हसण्याला आपण क्रूर समजलो, ते हसणं रडू दाबण्याची शेवटची युक्ती आहे. शिन हा-ग्यून चेहऱ्याच्या वरच्या आणि खालच्या भागाला वेगवेगळं काम देतो. तोंड हसतं, डोळे त्यात सामील होत नाहीत. पहिल्या वेळी त्या डोळ्यांतला कोरडेपणा थंड वाटतो, दुसऱ्या वेळी थकलेला वाटतो. चेहरा तोच, एक चौकटही बदललेली नाही. माझ्या मते त्याला मिळालेला पुरस्कार याच कामासाठी आहे.

तुम्ही ज्या मालिकेवर लिहाल तिथे हीच कसोटी लावा. उत्तर कळल्यावर नटाचा जुना प्रसंग खोटा पडतो का? पडत असेल तर तो फक्त प्रेक्षकाला फसवण्यासाठी अभिनय करत होता. अशा मालिका बऱ्याच आहेत. शेवटी खुनी निघणारा माणूस एकटा असतानाही निरागस चेहरा करून बसलेला असतो. खोलीत दुसरं कोणी नसताना तो हे सोंग कोणासाठी आणतोय? परीक्षणात याबद्दल स्पष्ट नापसंती लिहा. इथे दोष नटाचा की दिग्दर्शनाचा हे नेहमी सांगता येत नाही, तेव्हा दोघांनाही जबाबदार धरलं तरी चालतं.

यो जिन-गू

या मालिकेवर लिहिणारे बहुतेक जण शिन हा-ग्यूनवर चार परिच्छेद लिहून यो जिन-गूला एका वाक्यात निकालात काढतात: 'त्यानेही चांगली साथ दिली आहे.' हे अन्यायाचं आहे.

यो जिन-गू १९९७ चा. बालकलाकार म्हणून सुरुवात, आणि २०१३ च्या एका चित्रपटासाठी ब्लू ड्रॅगन पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नवोदित अभिनेता. म्हणजे २०२१ मध्ये वयानं लहान असला तरी अनुभवानं लहान नव्हता. जू-वॉनचं काम वरवर सोपं दिसतं. ताठ पाठ, नीटनेटका पोशाख, तोलूनमापून औपचारिक बोलणं, गावातल्या लोकांपासून चार हात लांब. पहिल्या फेरीत ही श्रीमंत बापाच्या पोराची गुर्मी वाटते.

जू-वॉननं मानयांगला येण्याआधी एक चूक केलेली आहे, आणि एका बाईला त्या चुकीची किंमत मोजावी लागली आहे. मालिका हे लवकरच सांगते, म्हणून तपशील टाळून एवढं लिहायला हरकत नाही. ते कळल्यावर पहिला भाग पुन्हा बघा, विशेषतः लव्हाळ्यांच्या रानातला शोध. त्याचा ताठपणा आता वेगळा दिसतो. हा माणूस सैल पडला तर आतलं सगळं बाहेर येईल म्हणून स्वतःला आवळून धरतोय. यो जिन-गूनं हा ताण मानेत आणि आवाजात ठेवला आहे. जसजशी मालिका पुढे जाते तसतसा तो हळूहळू सुटतो, आणि शेवटाकडे त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा वय दिसतं. इतक्या सावकाश बदलणारी भूमिका १६ भागांत सांभाळणं फार कठीण असतं, कारण चित्रीकरण क्रमानं होईलच असं नसतं.

अशा भूमिकेवर लिहिताना पहिल्या आणि शेवटच्या भागातला एकेक साधा प्रसंग निवडा, ज्यात रडणं-ओरडणं नाही. नुसतं खोलीत येणं, बसणं, नमस्कारासाठी वाकणं. दोन्ही शेजारी ठेवून फरक टिपा. आरडाओरड्याच्या प्रसंगात सगळेच नट बरे दिसतात.

दोघं एकत्र

जोडीवर लिहिताना एक सवय लावून घ्या: बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघा. दोंग-शिक आणि जू-वॉन यांचे चांगले प्रसंग गस्तीच्या गाडीत आणि यू जे-यीच्या मांसाच्या दुकानात आहेत, जिथे गावकरी संध्याकाळी जेवायला जमतात. दोंग-शिक समोरच्याच्या अंगावर येऊन बोलतो, जू-वॉन मागे सरकत नाही पण जवळही येत नाही. मधल्या भागांत हे अंतर उलटं होतं. कोण कोणाच्या दारात जातो, कोण आधी नजर वळवतो, याच्या नोंदी ठेवल्या तर दोघांच्या नात्याचा आलेख कुठल्याही संवादापेक्षा स्पष्ट दिसतो.

दुसऱ्या मालिकांमध्ये जोडीची तऱ्हा वेगळी असते. 'स्ट्रेंजर'मध्ये चो सुंग-वू हा लहानपणीच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भावना जवळपास हरवलेला सरकारी वकील रंगवतो. तिथे ताण, आक्रोश यातलं काहीच हाताशी नाही. त्याच्या कोऱ्या चेहऱ्यात काय चाललंय हे आपण बे डू-नाच्या पोलीस अधिकारी हान यो-जिनच्या नजरेतून वाचतो. तिच्यावर लिहिल्याशिवाय त्याच्यावर लिहिताच येत नाही. 'सिग्नल'मध्ये किम हे-सू एकाच बाईची दोन वयं करते, बावरलेली नवी पोलीस आणि पंधरा वर्षांनंतरची कणखर अधिकारी. तिथे कसोटी अशी की नव्या मुलीत पुढची बाई आधीपासून दिसते का. माझ्या मते दिसते, आणि ती दिसते तिच्या हट्टात.

सहकलाकारांना विसरू नका, पण यादीही देऊ नका. एक किंवा दोन निवडा आणि का निवडले ते सांगा. मी इथे चौकीप्रमुख नाम सांग-बे करणारा चुन हो-जिन आणि गुन्हे पथकातली ओ जी-ह्वा करणारी किम शिन-रोक यांच्यावर लिहीन. गावाला गावपण या दोघांमुळे येतं. 'स्क्विड गेम'मुळे अनेकांना ठाऊक झालेला हो सुंग-ते इथे बांधकाम व्यावसायिक आहे. वाचकाला ओळखीची खूण म्हणून एक वाक्य त्याच्यावर चालेल.

लिहायला बसल्यावर

आधी अभिनयाचे परिच्छेद लिहा, प्रस्तावना शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात केली की कोरियन लाटेचा इतिहास लिहिण्यात संध्याकाळ जाते.

पहिला खर्डा झाला की त्यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या एखाद्या मालिकेला लावून बघा. बसलं तर काढून टाका. 'शिन हा-ग्यूनने दोंग-शिकच्या भूमिकेला पुरेपूर न्याय दिला आहे', 'त्याचे डोळे बोलतात', 'दोघांच्या अभिनयाची जुगलबंदी पाहण्यासारखी', 'सर्वांनीच आपापल्या भूमिका चोख बजावल्या आहेत'. ही चारही वाक्यं मराठीत गेली कित्येक वर्षं सगळ्या नट-नट्यांना सारखीच वाटली गेली आहेत. त्यांच्या जागी काय लिहायचं? गुपित न फोडता, काहीसं असं:

'दोंग-शिक भलत्या वेळी हसतो. त्याच्यावर आरोप होत असताना हसतो, कोणी सांत्वन करत असताना हसतो. शिन हा-ग्यून हे हसू इतकं अचानक थांबवतो की ते आलं होतं की नाही अशी शंका यावी. पहिल्या काही भागांत या हसण्याची भीती वाटते. ज्यांना भीती वाटेल त्यांनी मालिका संपल्यावर दुसरा भाग पुन्हा लावून बघावा.'

यात एकही मोठं विशेषण नाही, गुपित सुरक्षित आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही मालिकेत हा परिच्छेद चालणार नाही. आणखी खोलात जायचं असेल तर लेखाचे दोन भाग करा. पहिला न बघितलेल्यांसाठी, आणि मधे ठळक इशारा देऊन दुसरा बघितलेल्यांसाठी. गुपिताची व्याख्या कडक ठेवा. 'शेवटी एक मोठा धक्का आहे' एवढं लिहिणंसुद्धा फोडणंच आहे, कारण मग वाचक धक्क्याची वाट बघत बसतो. पात्र मरतं का, नट शेवटच्या भागात आहे का, हेही सांगू नका.

तांत्रिक बाजूंवर थोडक्यात लिहा, पण ऐकून-बघून लिहा. संगीत 'प्रसंगानुरूप' आहे म्हणण्यापेक्षा कुठे संगीत मुद्दाम थांबवलंय ते सांगा. 'द नाईट' हे या मालिकेतलं गाणं चोई बेक-हो या ज्येष्ठ गायकाच्या खरखरीत आवाजात आहे. वीस वर्षं उलटली तरी निकाल न लागलेल्या दुःखाला तरुण गोड गळा चालला नसता, असं माझं मत.

नावडलेलं कसं लिहायचं

आवडत्या मालिकेतही खोट दाखवता आली पाहिजे. आठव्या भागानंतर 'बियाँड ईव्हिल'चा रोख गावातल्या घरांकडून राजकारणी, बांधकाम व्यवसाय आणि पोलिसांतले वरचे अधिकारी यांच्याकडे वळतो. सत्तेतल्या लोकांनी सत्य कसं दडपलं हा भाग गरजेचा आहे, तरी वीस वर्षांपूर्वीच्या त्या एका रात्री इतक्या जणांचे धागे येऊन मिळतात की योगायोग जड होतो. बैठकांचे आणि सौदेबाजीचे प्रसंग वाढतात तशी मानयांगची ती दमट, जवळून ओळखीची हवा विरळ होते. हे लिहिताना दोन पथ्यं पाळावीत. कोणत्या भागापासून असं वाटलं ते सांगावं, आणि त्या बदलात मालिकेला काय मिळालं तेही नोंदवावं. इथे जू-वॉनचा बापाशी असलेला झगडा त्यातूनच उभा राहतो.

गुन्हेगारी मालिकेत आणखी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. मेलेल्या बायकांना मालिका माणूस म्हणून वागवते का? त्यांना नाव आहे, आवडीनिवडी आहेत, त्यांची वाट बघणारं कोणी आहे, की त्या फक्त पुरावा म्हणून पडद्यावर येतात? 'बियाँड ईव्हिल' इथे उजवी ठरते. आईची वाट बघत दुकान चालवणारी जे-यी हे तिचं सगळ्यात चांगलं उदाहरण. चोई सुंग-उननं तिला रडकी होऊ दिलं नाही. हा निकष तुमच्या प्रत्येक परीक्षणात असू द्या. पडद्यावरची हिंसा किती रक्ताळ होती यापेक्षा तो जास्त सांगून जातो.

पाठवण्याआधी

नावं पुन्हा तपासा. कोरियन नावात आडनाव आधी येतं, त्यामुळे शिन हा-ग्यूनला दुसऱ्या उल्लेखात नुसतं 'हा-ग्यून' म्हणणं म्हणजे सलगी झाली. पूर्ण नाव लिहिणं बरं. एकच नाव संपूर्ण लेखात एकाच पद्धतीनं लिहा. जिथे शक्य असेल तिथे इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाज न बांधता मालिकेतच ते नाव उच्चारलेलं ऐका. नट आणि पात्र यांची गल्लत हमखास होते. 'दोंग-शिकचा अभिनय' असं लिहिलेलं आढळलं तर दुरुस्त करा.

वाहिनी, वर्ष, भागांची संख्या, लेखिका आणि दिग्दर्शिका यांची नावं पहिल्या तीन परिच्छेदांत कुठेतरी आली पाहिजेत. लेखिकेचं नाव तर आलंच पाहिजे, कारण कोरियात मालिका लेखकाच्या नावावर ओळखल्या जातात आणि आपण नेमकं तेच गाळतो.

तारे द्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. मी देत नाही. त्याऐवजी शेवटच्या ओळीत कोणी बघावी, कोणी टाळावी आणि किती वेळ काढून ठेवावा ते लिहिते. या मालिकेसाठी ती ओळ अशी होईल: घरातलं माणूस हरवल्याचं दुःख ताजं असलेल्यांनी सध्या थांबावं, बाकीच्यांनी दोन आठवडे राखून ठेवावेत, आणि पहिले चार भाग पुन्हा बघण्यासाठी एक रविवार वेगळा.